पटावरील कूट

बुद्धिबळाचा पट म्हणजे चौसष्ट घरांची एक लहानशी रणभूमी होय. दोन खेळाडू समोरासमोर बसतात, राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडे व प्यादी आपापल्या जागी उभी राहतात आणि लढाईला आरंभ होतो. हा खेळ बहुतेकांच्या परिचयाचा असतो. परंतु याच पटावर खेळला जाणारा दुसरा एक खेळ आहे. त्यात समोर प्रतिस्पर्धी नसतो आणि डाव पहिल्यापासून मांडलेलाही नसतो. पटावर मोजकीच मोहरी ठेवलेली असतात आणि खाली एक ओळ लिहिलेली असते : ‘पांढऱ्याने खेळावे व दोन खेळ्यांत मात करावी.’ एवढेच. पुढील काम सोडविणाऱ्याच्या बुद्धीचे. अशा रचनेला बुद्धिबळातील कूट म्हणतात.

कूट हा शब्द मराठी मनाला नवा नाही. महाभारत लिहून घेताना श्रीगणेशाची लेखणी अडखळावी, म्हणून व्यासांनी मधूनमधून कूटश्लोक घातले, अशी कथा प्रसिद्ध आहे. उखाणे आणि कोडी तर घरोघरी घातली जातात. पटावरील कूट हे त्याच कुळातले होय. मात्र त्याची भाषा शब्दांची नसून मोहऱ्यांची असते.

प्रत्यक्ष डाव आणि कूट यांत एक मोठा भेद आहे. डावात प्रतिस्पर्धी चुकतो आणि त्याच्या चुकीमुळे पुष्कळदा सामान्य खेळाडूही जिंकतो. कुटात हा आधार नसतो. तेथे प्रतिपक्ष नेहमी उत्तमात उत्तम उत्तर देतो, असे धरावे लागते. त्याच्या प्रत्येक उत्तराला आपल्यापाशी प्रत्युत्तर असेल, तरच कूट सुटले. दहा उत्तरांपैकी नवांचा बंदोबस्त झाला आणि एक राहिले, तर कूट सुटले नाही. रचणाऱ्यावरही असाच कडक नियम असतो. कुटाची पहिली खेळी एकच असावी लागते. तिच्याऐवजी दुसऱ्या खेळीनेही मात होत असेल, तर ती रचना सदोष ठरते, मग ती दिसावयास कितीही सुंदर असो.

या खेळाशी कृष्णाकाठचे नाते जवळचे आहे. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईवरून वाहते, कराडला कोयनेला भेटते आणि पुढे सांगलीच्या घाटाला येऊन लागते. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे या एका नदीने जोडलेले आहेत. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक रंगभूमीवर आणले, म्हणून तिला नाट्यपंढरी म्हणतात. त्याच सांगलीला बुद्धिबळाची पंढरी असेही नाव मिळाले आहे. १९४१ मध्ये तेथे नूतन बुद्धिबळ मंडळाची स्थापना झाली. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी या मंडळासाठी आपले आयुष्य वेचले आणि मुलामुलींना पटाची गोडी लावली. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेतेपद आणि १९९१ मध्ये आशियाई महिला विजेतेपद मिळविणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे, तसेच स्वाती घाटे, या सांगलीच्या नावाशी जोडल्या गेलेल्या खेळाडू होत. नाटकाच्या तालमीवाचून नट तयार होत नाही, त्याचप्रमाणे कुटांच्या तालमीवाचून खेळाडूची दृष्टी तयार होत नाही.

ही दृष्टी म्हणजे काय, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. त्यासाठी घरांची नावे ठाऊक असावीत. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून उभ्या पट्ट्यांना अनुक्रमे ए, बी, सी, डी, ई, एफ, जी व एच अशी नावे आहेत. आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ असे आकडे दिलेले आहेत. पट्टी आणि ओळ मिळून घराचे नाव होते.

आता मांडणी अशी करावी. पांढऱ्याचा राजा सी ८ वर, हत्ती ए १ वर आणि प्यादे बी ६ वर. काळ्याचा राजा ए ८ च्या कोपऱ्यात, उंट बी ८ वर आणि दोन प्यादी ए ७ व बी ७ वर. पटावर एकंदर सातच मोहरी आहेत. पांढऱ्याने खेळावे व दोन खेळ्यांत मात करावी. हे कूट पॉल मॉर्फी या अमेरिकन खेळाडूच्या नावाने प्रसिद्ध आहे. मॉर्फीचा जन्म १८३७ मध्ये झाला आणि कोवळ्या वयातच त्याने मोठमोठ्या खेळाडूंना चकित केले.

नवशिक्याचा हात प्रथम हत्तीकडे जातो. हत्तीने ए ७ वरील प्यादे मारावे, शहही बसेल आणि प्यादेही मिळेल! परंतु काळा उंट तत्काळ त्या हत्तीला मारतो आणि मात दूरच राहते. मग दुसरा विचार सुचतो. बी ६ च्या प्याद्याने ए ७ चे प्यादे मारले तर? तेही उंट मारतो. मागाहून हत्तीने उंट मारला, तर राजाच हत्तीला मारून मोकळा होतो. मारामारीचे दोन्ही मार्ग अशा रीतीने खुंटतात.

येथे थांबून काळ्याच्या बाजूने विचार केला पाहिजे. काळ्या राजाला हलण्यास एकही घर नाही. त्याच्या भोवतीची तिन्ही घरे त्याच्याच मोहऱ्यांनी अडविली आहेत. बी ७ चे प्यादे पुढे जाऊ शकत नाही, कारण समोर पांढरे प्यादे उभे आहे. ए ७ चे प्यादे बी ६ वरील प्याद्याला मारू शकत नाही, कारण ते बाजूला होताच हत्तीचा शह राजावर पडेल. उंट मात्र मोकळा आहे. परंतु तो जागचा हलला, की त्याचे ए ७ वरील लक्ष सुटते आणि हत्ती तेथे येऊन मात करतो. म्हणजे काळ्याला उंट हलविणे भाग पडले, तर त्याचा नाश ठरलेला. मग त्याचा बचाव कशात आहे? तो आहे एका क्षुल्लक खेळीत : ए ७ चे प्यादे सरळ पुढे ढकलण्यात. पांढऱ्याने नुसती वाट पाहिली, तर काळा ते प्यादे ए ६ किंवा ए ५ वर नेऊन वेळ मारून नेतो.

एवढे ध्यानात आले, की उत्तर आपोआप उजळते. त्या प्याद्याची वाट अडविली पाहिजे. पांढरा आपला हत्ती ए ६ वर, थेट शत्रूच्या तोंडाशी, आणून ठेवतो! येथे शह नाही आणि मारामारीही नाही. उलट हत्ती फुकट देऊ केल्यासारखा दिसतो. पण आता काळ्यापुढे दोनच मार्ग उरतात. उंट हलविला, तर हत्ती ए ७ चे प्यादे मारून मात करतो. त्या हत्तीला बी ६ च्या प्याद्याचे पाठबळ आहे आणि उंटाने रिकामे केलेले बी ८ हे घर पांढऱ्या राजाच्या ताब्यात आहे. बी ७ च्या प्याद्याने हत्तीला मारले, तर बी ६ चे प्यादे मोकळे होते. ते एक पाऊल पुढे टाकून बी ७ वर येते आणि कोपऱ्यातील राजाला मात देते. जुन्या देशी खेळात प्याद्याने केलेल्या मातीला विशेष मान होता. सर्वांत दुबळ्या शिपायाने राजाला जिंकावे, यात त्या खेळाडूंना मोठे कौतुक वाटे. या कुटात तेच कौतुक साधले आहे.

या उत्तरातील मर्म असे, की विजय देणारी खेळी मोठ्या आवाजाची नव्हती. ज्या खेळीत शह नाही, ती खेळी शहापेक्षा अधिक भयंकर ठरली. शत्रूला काय करावयाचे आहे हे ओळखून, तेवढेच त्याला करू द्यावयाचे नाही, किंवा नेमके तेच करावयास लावायचे, ही कुटाची विद्या होय.

सातारा जिल्ह्याच्या मुलांना ही विद्या इतिहासातूनही ठाऊक आहे. १६५९ मध्ये अफझलखान मोठी फौज घेऊन स्वराज्यावर चालून आला आणि त्याने वाईस तळ दिला. मोकळ्या मैदानावर त्याच्या फौजेशी झुंजणे म्हणजे त्याला हवे तेच करणे होते. शिवाजी महाराज जावळीच्या दाट अरण्यात प्रतापगडावर जाऊन राहिले. पाहणाऱ्यास ती माघार वाटली असेल. परंतु त्या माघारीनेच खान आपले मैदान सोडून गडाच्या पायथ्याशी आला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्या मोहिमेचा निकाल लागला. माघार ही नेहमी हार नसते. ती पुष्कळदा पुढच्या खेळीची तयारी असते.

लाकडी मोहऱ्यांच्या जगात हीच कल्पना भारताच्या नावाने ओळखली जाते. १८४५ मध्ये लंडनच्या ‘चेस प्लेयर्स क्रॉनिकल’ या मासिकात हिंदुस्थानातून आलेले एक कूट छापले गेले. पाठविणाऱ्याने आपले नाव ‘शागिर्द’ म्हणजे शिष्य असे दिले होते. तो दिल्ली येथे राहणारा हेन्री ऑगस्टस लव्हडे नावाचा इंग्रज धर्मोपदेशक होता. त्या कुटात काळा राजा फार कोंडलेला आहे. बुद्धिबळाचा नियम असा, की राजाला शह नसताना त्या पक्षापाशी एकही खेळी उरली नाही, तर डाव बरोबरीत सुटतो. म्हणून पांढऱ्याने आणखी कोंडी केली, तर जिंकता जिंकता डाव हातचा जातो. उपाय विलक्षण आहे. पांढरा आपला उंट पटाच्या दूरच्या कडेला नेतो. नंतर त्याच्याच वाटेत हत्ती आणून उभा करतो. जणू आपणच आपल्या उंटाचे डोळे बांधतो! उंटाची रेषा झाकली गेल्यामुळे काळ्या राजाला एक घर मोकळे मिळते. तो त्या घरात पाऊल टाकतो आणि तत्क्षणी हत्ती त्या रेषेतून उठून नव्या घरावर झेपावतो. झाकलेल्या उंटाचा शह उघडा पडतो आणि मात होते. या कल्पनेवर पुढे देशोदेशींच्या रचनाकारांनी असंख्य कुटे रचली. आजही जगभर तिला ‘भारतीय’ कल्पना असेच म्हणतात.

भारतीयांची स्वतःची परंपरा याहून पुष्कळ जुनी आहे. १८१४ मध्ये मुंबईत बुद्धिबळावरील एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. ते त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथावरून केलेले होते. त्याच्याही कितीतरी आधी, नवव्या शतकात, काश्मीरच्या रुद्रट नावाच्या पंडिताने काव्यशास्त्रावरील आपल्या ग्रंथात घोड्याच्या चालीने वाचावयाचा श्लोक दिला आहे. श्लोकाची अक्षरे अर्ध्या पटाच्या बत्तीस घरांत मांडावयाची आणि घोड्याच्या उड्यांनी ती वाचीत जावयाचे! सतराव्या शतकात काशीला राहणाऱ्या नीलकंठ भट्टाने ‘भगवंतभास्कर’ या ग्रंथात बुद्धिबळाचे वर्णन केले आणि घोडा सगळ्या पटावर कसा फिरवावा, हे श्लोकांत सांगितले. नीलकंठाचे घराणे मूळचे पैठणचे, हे महाराष्ट्राने विसरू नये. लिओनार्ड ऑयलर या थोर युरोपीय गणितज्ञाने १७५९ मध्ये याच प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास केला.

प्रश्न असा : घोड्याने पटावरील प्रत्येक घरात एकदा आणि एकदाच जावे. हे साधते आणि साधण्याच्या रीतीही पुष्कळ आहेत. पण यातूनच एक चमत्कारिक कूट निघते. घोडा ए १ च्या कोपऱ्यातून निघाला, सगळी घरे एकेकदा फिरला आणि शेवटी समोरच्या एच ८ च्या कोपऱ्यात पोचला, असे करता येईल काय? एखादा मुलगा महिनाभर पाटीवर घोडा फिरवीत बसेल आणि ‘अजून थोडे जमत नाही’ असे म्हणेल. दुसरा मुलगा घोड्याला हातही न लावता पाच मिनिटांत उत्तर देईल. तो असा विचार करील : घोडा प्रत्येक उडीला घराचा रंग बदलतो. काळ्यावरून पांढऱ्यावर आणि पांढऱ्यावरून काळ्यावर. चौसष्ट घरे फिरण्यास त्रेसष्ट उड्या लागतात. त्रेसष्ट ही विषम संख्या आहे, म्हणून शेवटचे घर पहिल्या घराच्या उलट रंगाचे असलेच पाहिजे. परंतु समोरासमोरचे दोन कोपरे तर एकाच रंगाचे असतात. सबब ही गोष्ट अशक्य आहे. येथे कूट सुटले ते मार्ग सापडल्यामुळे नव्हे. मार्ग नाही हे सिद्ध झाल्यामुळे ते सुटले. ‘मला जमत नाही’ आणि ‘हे होऊ शकत नाही’ या दोन वाक्यांत किती अंतर आहे, हे ज्याला एकदा कळले, त्याला गणिताचे आणि शास्त्राचे दार उघडले असे समजावे.

कुटे सोडविण्याची स्वतंत्र जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७७ पासून सुरू झाली. तेथे खेळाडू एकमेकांशी खेळत नाहीत. सर्वांसमोर तीच कुटे ठेवलेली असतात आणि ठरलेल्या वेळात प्रत्येक जण आपले उत्तर कागदावर लिहितो. प्रत्येकाची लढाई त्या रचनेशी आणि स्वतःच्या उतावळेपणाशी असते.

खरे पाहता हा उतावळेपणाच सर्वांत बिकट प्रतिपक्ष होय. उत्तर सुचले, की ‘सुटले!’ असे ओरडावेसे वाटते. पण ज्या एका बचावाकडे पाहण्याचा कंटाळा केला, तोच बचाव नेमका काळ्यापाशी असतो. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. माणसापुढे ‘बहुधा बरोबर असेल’ असे म्हणून वेळ निभावून नेता येते. पटापुढे ते चालत नाही. पट रागावत नाही, हसत नाही आणि कोणाची भीडही धरीत नाही. तो चूक तेवढी शांतपणे दाखवितो. म्हणून ज्याला कुटे सोडविण्याची सवय लागली, तो स्वतःचे उत्तर स्वतःच तपासावयास शिकतो. आपल्याच विचाराच्या विरुद्ध बाजूला बसून, आपण काळे असतो तर काय केले असते, असा प्रश्न तो स्वतःला विचारतो. न्यायाधीशाला, वैद्याला, शेतकऱ्याला, संशोधकाला, सर्वांनाच हा प्रश्न विचारावा लागतो.

सात मोहरी, चौसष्ट घरे आणि शांत मन, एवढ्या सामग्रीवर ही विद्या कोणाही मुलाला साध्य होते. तिला मैदान लागत नाही, धन लागत नाही आणि जोडीदारही लागत नाही. लागतो तो धीर. शेवटच्या बचावाचा विचार होईपर्यंत मोहऱ्याला हात लावावयाचा नाही, एवढा निश्चय ज्याने केला, त्याने पहिले कूट सोडविण्यापूर्वीच अर्धा विजय मिळविला.

शब्दार्थ

कूट – उकलण्यास कठीण असे कोडे. मोहरी – बुद्धिबळातील सोंगट्या. प्रतिपक्ष – विरुद्ध बाजू. सदोष – दोष असलेले. मर्म – आतील खरा अर्थ. क्षुल्लक – अगदी लहान. तत्क्षणी – त्याच क्षणी. विषम संख्या – दोहोंनी भाग न जाणारी संख्या. सबब – म्हणून. भीड – संकोच.

स्वाध्याय

१. प्रत्यक्ष डाव आणि कूट यांत कोणता भेद आहे?

२. मॉर्फीच्या कुटात हत्तीने ए ७ चे प्यादे प्रथमच मारले, तर मात का होत नाही?

३. त्याच कुटात हत्ती ए ६ ऐवजी ए २ वर नेला, तर काळ्याने कोणती खेळी करावी? कारण सांगा.

४. प्रतापगडची हकीकत या पाठात कशासाठी सांगितली आहे? पाच-सहा वाक्यांत लिहा.

५. पंचवीस घरांचा (पाच गुणिले पाच) पट काढा. घोड्याने सर्व घरे एकेकदा फिरून शेवटच्या उडीने निघाल्या घरी परत यावे, हे शक्य आहे काय? रंगांचा विचार करून उत्तर द्या.

६. बारा घरांचा (तीन गुणिले चार) पट काढा आणि घोडा प्रत्येक घरात एकदाच जाईल असा मार्ग शोधा. घरांना १ ते १२ असे आकडे घाला.

७. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ या म्हणीचा अर्थ तुमच्या अनुभवातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.

८. पुढील शब्दसमूह वाक्यांत उपयोगात आणा : वेळ मारून नेणे, मार्ग खुंटणे, भीड न धरणे, आयुष्य वेचणे.